अकरा दारं

एकतीस वर्षं गेबहार्ट
डोर्नबिर्नच्या कारखान्यात
बिजागऱ्या उघडून-मिटून कानाशी धरायचा.
एकही स्क्रू नाही.
लाकडातल्या खळग्यात ती बसते,
खटका दाबला की आतल्या आत पंजे रोवते,
मागची जीभ उचलली
की अख्खं दार अलगद हातात.
चकती फिरवा: केसभर वर, केसभर डावीकडे.

आता वाल्बुर्गा सकाळी
स्वयंपाकघरात मधोमध उभी राहते
अकरा सारख्याच पांढऱ्या दारांपुढे.
मिटलेलं जे, ते तिच्यापुरतं नसतंच.
परवा कॉफीचा कप शोधत
ती अंगणातल्या बर्फात गेली,
सपाता घालून.

तेव्हापासून दारं पलंगाखाली.
कप दिसतात. मीठ दिसतं.
"कुणी मांडलं हे इतकं छान?"
ती रोज विचारते.
तो रोज नवं नाव सांगतो.

रविवारी मुलगी ब्रेगेंझहून निघते, फोन येतो.
मग खट्, खट्, खट्,
अकराच्या अकरा जागेवर.
लाकडावर ओरखडाही नाही.

"बाबा, तुमच्या घरात वाकडं दार?
मिठाचं बघा, कलतंय."

"कलतंय खरं," तो म्हणतो,
आणि चकतीला हात न लावता
तिच्या कपात दूध ओततो.