लिलावातला गारवा

हा एसी माणसांसाठी आलाच नव्हता.
टेलिफोन एक्स्चेंजातली कपाटं तापायची,
त्यांना सरकारने बावीस डिग्री मंजूर केली होती.
आम्हाला पंखा.
देवळात जावं तशा चपला बाहेर काढून आत जायचो
आणि फॉल्ट शोधायला
गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ लावायचो.

मग एक्स्चेंज आटोपलं. कपाटं किलोवर गेली.
सत्तावीसशेला मी हा उचलला, टेम्पोचे तीनशे वेगळे.
शालन म्हणाली, एवढं धूड ठेवणार कुठे?
खिडकीचे दोन गज कापले, फणसाच्या फळीची चौकट केली,
मागे जरासा कलता बसवला.
कलता म्हणजे करंगळीच्या पेराएवढा.
हे कुणी सांगितलं नव्हतं,
गादी भिजली तेव्हा कळलं.

शाळेत भूगोलात होतं :
दिवसा समुद्राकडून खारे वारे,
रात्री जमिनीकडून मतलई.
खारे वारे येताना काय आणतात
आणि काय काय खाऊन जातात, ते नव्हतं.
वेंगुर्ल्याच्या बंदरापासून आमचं घर चारशे पावलं.
मागच्या जाळीच्या पात्या बोट लागलं की झडतात,
भुकटी बोटावर राहते.
एकदा चाखून पाहिली. खारट.

म्हणून दर पंधरवड्याला मेन बंद करून
विहिरीच्या गोड्या पाण्याने त्याला अंघोळ.
पाइप नाही, झारी.
वाकलेल्या पात्या शालनच्या जुन्या फणीने विंचरतो,
वरून खाली, नवरीच्या केसांना लावावा तसा हात हलका.
पाणी जायच्या नळीत कुंभारीण माशी
दरवर्षी मातीचं घर बांधते.
दरवर्षी मी सायकलच्या तारेने पाडतो.
आमचं दोघांचंही चुकत नाही.

यंदा वैशाखात तो नुसता हूं करायचा
आणि गप्प.
तीन मिनिटांनी पुन्हा हूं.
इनास आला स्कूटरवरून, हेल्मेट न काढताच म्हणाला,
काका, गॅस गेलो. आणि हो गॅस आता गावना नाय.
नवो घेवा.
मी म्हटलं, इनास, गॅस गेला असता
तर चालला असता, गार न करता.
हा उठतच नाही.
तेव्हा त्याने हेल्मेट काढलं.

कपॅसिटरचं डोकं पुरीसारखं फुगलेलं.
मेन बंद केलं तरी त्याच्या पोटात करंट बसून असतो,
रुसलेल्या पाहुण्यासारखा,
आधी तो उतरवावा लागतो, मगच हात लावायचा.
इनासच्या डिकीत शिरोड्याच्या बंद पडलेल्या लॉजमधला
एक होता. आकडा जुळत होता,
कंपनी नव्हती.
सातला सगळे दिवे लावतात, व्होल्टेज बसतं,
म्हणून पावणेसातलाच बटण दाबलं.

खट.

बोर्डावर हाताने लाइन जोडायचो तेव्हा
पलीकडे कुणी उचलला की कानात असंच व्हायचं.
दोनशे सात, परुळेकर डॉक्टर.
एकशे नऊ, बर्फाचा कारखाना.
नंबर सगळे पाठ आहेत,
लावून बघायची सोय नाही.

इनासने दीडशे घेतले.
फाटकातून पुन्हा म्हणाला, नवो घेवा काका.

रात्री बाहेर बादलीत थेंब पडत राहतात.
मतलई सुटला असेल,
आत कळत नाही.
शालन गोधडी नाकापर्यंत ओढते आणि म्हणते,
जरा कमी करा हो.
ते बटण गेली सहा वर्षं नुसतंच फिरतं,
आत काही जोडलेलं नाही.
हे तिला सांगायचं राहून गेलंय.
मी उठतो, दोन घरं मागे फिरवतो,
परत येऊन पडतो.
थोड्या वेळाने ती म्हणते,
हं, आता बरं वाटतंय.