कुड्यांपुरती जागा

मूर्तिजापूरच्या जिनिंगमागं,
जिथं हंगामात सरकीचे ढीग लागतात,
तिथं फेब्रुवारीत मातीचा ट्रॅक आखला होता,
कबड्डीचं मैदान आखणाऱ्याच माणसानं, चुन्यानं.
सहा फेऱ्या. बावीस गाड्या. एक मुलगी.

बातमी माझी होती.
'नाजूक हातांनी पेलली दणकट गाडी',
हे मीच लिहिलं.
गाडी कुणी पेलत नसतं, हे तेव्हाही ठाऊक होतं मला.
रणरागिणी लिहिलं. वाऱ्याशी गुजगोष्टी लिहिलं.
चूल आणि मूल चौथ्या ओळीत आलं, आपोआप,
अंधारात हात बटणाकडे जातो तसं.
कानात बारीक कुड्या होत्या, तेही.
स्वयंपाक येतो का, विचारलं होतं.
येतो म्हणाली.
छापलं.

फोटोवाला म्हणाला, हेल्मेट काढा न ताई,
चेहरा दिसला पायजे.
ती उभी राहिली गाडीशेजारी. गाडी बंद.
बाजूच्या कॉलमात विक्की बोबडे हवेत,
दोन्ही चाकं जमीन सोडलेली,
तोंड काचेआड.
त्याचा चेहरा कुणीच मागितला नाही.

विक्कीसाठी माझ्याकडं गिअर होते,
क्लच होता,
चौथ्या फेरीत सैल पडलेली चेन होती.
तिच्यासाठी नुसती विशेषणं,
लग्नघरी अक्षता असाव्यात तशी, मूठ भरून.

मंगळवारी ती कार्यालयात आली.
कार्यालय म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं मागचं टेबल.
सोबत बाप, हाताला वार्निशचा वास.
तो मोटारी बांधतो.
आमच्याकडं मोटार म्हणजे विहिरीवरची;
ढोक्यांची हर्षाली मोटारच्या शर्यतीत हाय म्हटल्यावर
गावात एकानं विचारलं होतं,
किती एचपीची? पाच का साडेसात?

तिनं कात्रण पसरलं. घड्या नीट होत्या.
"भाऊ, सारं लेहलं तुमी.
माहा टाइम कुठी हाय?"

मी म्हणालो, जागा कमी पडली.

"कुड्याले पुरली न."

आवाज चढला नव्हता.
पेन मागून तिनं कोऱ्या कडेला लिहिलं:
अकरा मिनिटं अठ्ठेचाळीस. नंबर तिसरा.
"चिंचेपाशी जे वळण हाय न,
तिथी म्या ब्रेक उशिरा दाबला.
दोघं तिथीच मांगं राह्यले.
पाह्यलं का तुमी?"

नव्हतं पाहिलं.
त्या वेळी मी तिच्या आईची प्रतिक्रिया घेत होतो.

एप्रिलात कारंज्याला मी वळणावरच उभा राहिलो,
तोंडाला दुपट्टा, वहीवर धूळ.
ती आली तेव्हा आधी आवाज खाली उतरला,
एक गिअर, मग अजून एक,
डावा पाय मातीत काढलेला, गुडघा ताठ,
मागचं चाक घसरलं आणि तिनं ते घसरू दिलं,
पुरतं घसरू दिलं,
मग असं उचललं की खडे माझ्या नडगीला लागले.
मला शब्द सापडेना.
पहिल्यांदाच सापडेना, आणि बरं वाटलं.

रात्री लिहिलं. पहिल्या ओळीत वेळ.
कुड्या नाहीत, आई नाही, वारा नाही.
अकोल्याला पाठवून दिलं.

सकाळी पान उघडलं:
'सावित्रीच्या लेकीची सुसाट भरारी'.
फोटो फेब्रुवारीचाच, हेल्मेटशिवाय.
शेवटच्या ओळीत अकरा मिनिटं होती,
सेकंद कापले होते.

तिला फोन लावला. काय सांगणार होतो, कोण जाणे.
"वाचलं," म्हणाली.
मागं तांब्याची तार फिरत होती,
बाप वेढे मोजत होता मोठ्यानं,
एकशे बारा, एकशे तेरा.
"थांबा जरासे भाऊ," ती म्हणाली,
"एक बी चुकला
तं सारी मोटार जळते."