सातशे मिली

सकाळी सहाला मी बाबांचं पाणी मोजते.
कोकम सरबताच्या जुन्या बाटलीवर
नेलपॉलिशची एक रेघ आहे, तिथपर्यंत भरायचं.
त्यातच चहा, त्यातच गोळ्या,
त्यातच पेजेवरचं निवळ.
मागच्या महिन्यात रेघेच्या वर बोटभर भरलं होतं मी,
मुद्दाम. त्यांनी उजेडात धरून पाहिलं
आणि जास्तीचं अळवाच्या बुंध्याशी ओतलं.

तारामुंबरीत पाण्याला काय तोटा?
समोर समुद्र, मागे खाडी,
आणि चाळीस वर्षं गळ्यापर्यंत भिजलेला माणूस
मधल्या ओट्यावर बसून ओठ चाटतो.
सुकवायच्या बांगड्यांना मीठ आधी ओढून घेतं,
मग ऊन. आमच्या अंगणाला ते ठाऊक आहे.
माणसाच्या आत पाणी साचून राहतं, पाय फुगतात,
हे अंगणाला नवीन.

अकरावीला मी उत्सर्जन शिकवते.
पुस्तक म्हणतं, मूत्रपिंड घेवड्याच्या बीसारखं असतं.
मी म्हणते, काजूगर आठवा.
भिंतीवरची पाल बघा, तिच्या घाणीला पांढरं टोक असतं,
तीच तिची लघवी.
थेंब खर्च न करता खडू करून टाकते.
मुलं हसतात, मागच्या बाकावर कुणी पाल काढतं.
सड्यावरचा बेडूक सांगते,
वैशाखात हातभर मातीखाली गप्प पडलेला,
लघवीच्या पिशवीतलं पाणी पुन्हा रक्तात ओढत.
कुरव सांगते. खारं पितात, मीठ नाकावाटे जातं,
चोचीच्या टोकाला थेंब लटकतो,
सर्दी झालेल्या पोरासारखा.
माडाच्या खोडावरची गोगलगाय
तोंडावर पापुद्रा ओढून घेते आणि थांबते.
कशासाठी थांबते, हा प्रश्न परीक्षेला येत नाही.

गुरुवारी सुलभा तारीनं मोरी दिली.
धुताना तो वास आला, नाकात चढणारा,
कोळशाच्या इस्त्रीवर लघवी पडावी तसा.
बाबा दारातून म्हणाले, शिळी आसा.
मी म्हटलं, शिळी तर आहेच,
पण मोरी रक्तातच युरिया साठवते.
म्हणून समुद्र तिच्यातलं पाणी ओढून घेऊ शकत नाही.
मेल्यावर तोच युरिया कुजतो.

बाबांनी खिशातून घडी केलेला रिपोर्ट काढला.
चष्मा नव्हता, बोटानं ओळ शोधली.
युरिया, एकशे बासष्ट.
"म्हणजे मी आता मोरी झालंय."
आणि इतके हसले की
खोकल्यानं दोन घोटांची तहान वाढली.
मग, हसू पुरतं उतरायच्या आत,
"मोरीक तान लागता?"

मला माहीत नव्हतं.
पुस्तकात रक्त आहे, मीठ आहे, दाब आहे,
तहान कुठल्याच पानावर नाही.

शुक्रवारी कणकवलीला मशीननं
दोन किलो चारशे काढलं.
कुठे जातं ते, विचारलं बाबांनी.
नर्सनं जमिनीतल्या जाळीकडे हनुवटी केली.
स्टँडवर वड्याच्या गाडीखाली कुत्रा
जीभ बाहेर टाकून धापत होता,
लाळेची तार फरशीवर.
बाबा बराच वेळ बघत राहिले.
"बघ गो बाय," म्हणाले,
"किती खर्च करता."

रात्री बाटलीत तळाला एकच घोट होता.
ओट्याखालच्या वाळूत कुर्ल्या
कल्ल्यांत समुद्र भरून फिरत होत्या,
बॅटरी टाकली की बिळात.
मी विचारलं, उद्या पेज करू की भाकरी?
बाबांनी बोट वर केलं, थांब म्हणून.
त्यांचे गाल थोडे फुगलेले होते.
गिळलं नव्हतं अजून.