तीन टक्के

तिठ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून
तीन दिवस मी रेघा मारल्या,
चार उभ्या, पाचवी आडवी.
मोटार, स्कूटर, बस, ट्रक, सायकल
आणि 'इतर'.
इतरमध्ये एक हातगाडी,
आणि सायबिणीला या घरून त्या घरी नेणारी
अकरा माणसं.

हळदोण्याच्या टेकडीवर एकशे ऐंशी फ्लॅट येणार.
सकाळी आठ ते नऊ, एकशे सतरा गाड्या.
चिरे अजून खाणीत आहेत,
पण गाड्या माझ्या लॅपटॉपवर निघाल्यासुद्धा,
उशीर झालेल्या.

मयड्यावरून म्हापशाला पंचावन्न टक्के.
पोंबुर्फ्यावरून पणजीला तीस.
पुलावरून खोर्जुव्याकडे बारा.
बेरीज शंभर भरायला हवी,
म्हणून उरलेले तीन
मी कपेलामागच्या गल्लीत सोडले,
जिथे बल्कांवाची शेवटची पायरी डांबरातच उतरते
आणि मधोमध एक तांबडा कुत्रा झोपतो.

एकशे सतराचे तीन टक्के:
साडेतीन गाड्या.
नेत्रावळकर सर म्हणाले, "नगण्य. पुढे चल."

रुजार खाजनातल्या मानशीचं दार सांभाळतो.
नकाशावर वाकून त्याने बाण पाहिले,
जाड, बारीक, त्याहून बारीक.
त्याला काही समजवावं लागलं नाही.
"सांजेर?"
सांजेला सगळ्या परत, मी म्हटलं.
"म्हणजे भरती."
मग सगळ्यात बारीक बाणावर बोट ठेवून,
"बाये, हें कुर्ल्येचें बीळ."
बांध दारापाशी फुटत नाही म्हणे.
खेकड्याने पोखरलेलं बोटभर भोक,
पाणी आधी तिथे चव घेऊन बघतं.

रात्री मी तीनचे अकरा केले.
सकाळी सरांनी अकराचे तीन.
"अकरा लिहिलेस तर रुंदीकरण मागतील.
रुंद कुठून करणार? पायऱ्या काढून?"
यावर माझ्याकडे आकडा नव्हता.

शुक्रवारी अहवाल देऊन निघाले.
पोंबुर्फ्याच्या वळणावर चिऱ्यांचा ट्रक आडवा,
मागे पन्नासेक हॉर्न.
मी मोजले नाहीत.
हँडल आपसूक वळलं
कपेलामागे.

आमच्या हिशेबात स्कूटर म्हणजे अर्धी गाडी.

कुत्रा उठला,
सावकाश, आधी मागचे पाय,
बाजूला उभा राहून मला जाऊ दिलं.
आरशात पाहिलं तर
तो अजून उभाच होता,
माझ्यामागे कोण येतंय ते बघत.