गुरुवार, सात ते नऊ

तळघरात कपडे धुवायची खोली, सगळ्या इमारतीची मिळून एक.
दाराशी वही, वहीला दोरीने बांधलेली पेन्सिल.
मी लिहिलं: नोएलिया, तिसरा मजला, गुरुवार सात ते नऊ.
या देशातलं माझ्या हातचं हे पहिलं लिखाण.

राउमाला आलो ते नोव्हेंबरात.
आमच्या पाय्सान्दूला तेव्हा पीच पिकायला लागतात,
माणसं फुटपाथवर खुर्च्या काढून बसतात
आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हटकतात.
इथे साडेतीनला दिवस मिटला.
वाल्देमार जहाजाच्या कारखान्यात वेल्डर;
अंधारात जातो, अंधारात येतो,
मधला सगळा उजेड काळ्या काचेआडून बघतो.

बसमध्ये कुणी बोलत नाही.
पहिल्या आठवड्यात मला वाटलं, कुणीतरी वारलंय.
ड्रायव्हरला विचारणारच होते, कोण.

शाळेने मुलांना चमकणारे बिल्ले दिले, कोटाला लटकवायचे,
गाडीच्या दिव्यात मूल दिसावं म्हणून.
खिडकीतून बघते तर रस्त्यावर मुलं नाहीतच,
दोन ठिपके येतायत,
एक भांडतोय, एक रडतोय.

फाकुंदो म्हणतो, इथे चंद्र उलटा टांगलाय.
आजीला फोन करून त्याने खात्री करून घेतली.
ती म्हणाली, आमचा आहे तसाच आहे, तुम्हीच उलटे झालात.

ब्रुना नऊ वर्षांची. तिला इथली भाषा
कांजिण्या याव्यात तशी आली,
आधी एकच शब्द, मग अंगभर.
आता दवाखान्यात तीच माझी दुभाषी.
माझं दुखणं डॉक्टरला सांगताना
मधलं काहीतरी गाळते, मला कळतं.
मीही तिला सांगताना काहीतरी गाळलेलंच असतं.

तर एका गुरुवारी रात्री दारात चिठ्ठी.
तिरकं, घट्ट अक्षर. खाली नाव: इर्या सालमिनेन, पहिला मजला.
जिन्यात भेटली की मान हलवते, बस्स, तेवढीच ओळख.
मी गुन्हे आठवत बसले:
नऊ वाजून गेले होते का?
येर्बाचा कडू चहा घेताना आम्ही हसलो, ते?
फाकुंदो जिन्यात धावतो, ते?
मांस भाजल्याचा वास?
चिठ्ठी साखरेच्या डब्याखाली सारली
आणि दोन दिवस मुलांना घरात चवड्यांवर चालायला लावलं.
वाल्देमार म्हणाला, ब्रुनाला वाचू दे की.
मी म्हटलं, बोलणी खायची तर खाईन,
पोटच्या पोरीच्या तोंडून नको.

शनिवारी ब्रुनाला साखर हवी झाली.
एका शब्दाशी अडली, तो तिने फोनला विचारला.
मग मोठ्याने वाचलं:
तुमचा एक मोजा यंत्रात राहिला होता.
खालच्या हीटरवर ठेवलाय.
टाचेला भोक होतं ते रफू केलंय.
लोकर करडीच होती, रंग जुळत नाही.

रंग खरंच जुळत नाही.
वाल्देमारचा लाल मोजा, टाचेला करडा चौकोन,
इतका नेटका की आधी लाज वाटली,
मग राग आला,
मग तळघरात एकटीच उभी राहून
मी तो कोपरापर्यंत हातात चढवला.

रविवारी चार लिटर दूध आटवलं,
चमचा उभा राहीपर्यंत.
बरणी भरून खाली गेले, ब्रुनाला पुढे घालून.
इर्याने दार उघडलं, बरणी बघितली,
म्हणाली, नो नीन.
आणि दार लावलं.
जिन्यात ब्रुनाला विचारलं, म्हणजे काय गं?
ती म्हणाली, त्याचे खूप अर्थ आहेत, आई.
यातला कुठला?
खांदे उडवून ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली.

आठ दिवसांनी बरणी दाराबाहेर,
घासून लखलखीत, झाकण घट्ट.
यावेळी चिठ्ठी नव्हती.
मी बरणी उलटी करून, बुडाशीसुद्धा पाहिलं.