माया

माह्या वहीत अख्ख्या सावरगावच्या बायांची मापं हायेत.
छाती, कंबर, दंड, गळा मागून किती खोल.
बत्तीस वर्सं टेप फिरवला,
पन ज्या जागी सलत होतं
तिच्यासाठी वहीत रकाना नोता.

दोन वर्सं खाज.
मशीनवर बसलं का जास्तच.
मेडिकलवाल्या पोट्ट्याले म्हनलं, गजकर्नाची ट्यूब दे.
'कुठी हाय?'
म्हनलं, कोपराले.
कोपराच्या नावानं अकरा ट्यूबा लावल्या.

आशा हाय ना आमची, पंचफुला मडावी,
ब्लाउज टाकाले आली तं
मी उभ्यानंच काज करत होती.
'बसत काहून नाही वो काकू?'
तिले कोपर सांगता आलं नाही.

यवतमाळले डॉक्टरीनबाईनं दिवा वळवला,
बोळ्यानं काहीतरी आंबट वासाचं लावलं,
'पाच मिनिटं थांबा,' म्हने.
मी पंख्याची पाती मोजली. तीन.
पुन्हा मोजली.
मंग जागा पांढरी उमटली म्हने,
कापडावर खडूची खून उमटते तशी.

बधिर करून तुकडा काढला,
मोहरीपेक्षा मोठा, तुरीच्या डाळीपेक्षा लहान.
तेवढ्याशा चिंधीवर
सतरा रात्री लटकून होती मी.

'कॅन्सर नाही,' बाई म्हनाल्या,
'पण वाट तिकडचीच होती.'
बाहीर बाकड्यावर नवऱ्यानं इचारलं, कुठचं दुखनं?
मी जागेचं नाव घेतलं. जल्मात पहिल्यांदा.
तो चपलीकडं पाहत रायला,
मंग पान्याची बाटली इकडे सरकवली.

एका डागाले मलम, रात्री, आग आग होनारं.
दुसरा कापाचा.
'किती कापान?'
'खराब तेवढं, आणि भोवतीचं थोडं चांगलंही.'
मले हासू आलं.
बाई, आमच्यात त्याले माया म्हंतात,
शिवनीपाशी ठेवा लागते, नाही तं उसवते.
'तुम्ही ठेवता,' त्या म्हनाल्या, 'मला काढावी लागते.'

कोमट पान्याच्या टबातून उठून
आरशात टाके पायले.
मले एवढे बारीक येत नाहीत.

परत येऊ शकते, हे कोनी लपवलं नाही.
दर सहा महिन्यानं तपासनी.
वहीच्या शेवटच्या पानावर माहंच नाव, तारीख,
बाकी कोरं.

आता माप घेता घेता,
तोंडात टाचन्या धरून, सहज इचारते,
खालतं खाजत-गिजत तं नाही ना वो?
काल एकीनं उत्तर देल्लं नाही.
तिची कंबर मी पुन्हा मोजली.
हळूहळू.