बंद पाठ, उघडी पाठ

साखरीनाट्याच्या जेट्टीवर, बर्फाच्या कारखान्यामागे
माझी ध्वनिमुद्रणाची खोली. खोली कसली,
जाळ्यांच्या गोदामाचा चौथा हिस्सा;
थर्माकोल ठोकलाय, तरी बांगड्याचा वास येतोच.
टेबलावर दोन हेडफोन.

एक बंद पाठीचा. काळा, जड. कानावर चढला
की माजघराचं दार मागून कुणीतरी ओढून घेतं.
पखवाजाचा खालचा घुमारा थेट जबड्यात उतरतो,
बुवांनी ओळीच्या मधे गिळलेला आवंढा सापडतो,
आणि जरा वेळाने आपलंच रक्त, आपलाच घाम.

दुसरा उघड्या पाठीचा. बाहेरून नुसती जाळी.
ही पडवी. झांज डाव्या खांबाशी, पेटी उजवीकडे, लांब,
मधे वारा जायला जागा.
घुमारा मात्र अंगणातच विरतो
आणि जेट्टीवरची शिवीगाळ भजनात येऊन बसते.
जुळणी ह्याच्यावर करतो, चुका त्याच्यावर शोधतो.
विचारलंत तर एवढंच सांगितलं असतं.

पण परवा मगरिबनंतर सिराजचाचा सोलकर आले.
चाळीस वर्षं बोटींची इंजिनं उघडली त्यांनी,
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला,
अशी दुखणी ओळखली. त्यात डावा कान अर्धा गेला.
'मरियमचा आवाज हाय ना तुझ्याकडं?'
होता. मार्चमध्ये गंमत म्हणून धरून ठेवलेला.
मे महिन्यात ती भंगारात गेली, किलोच्या भावाने.

आधी बंद पाठीचा दिला.
डोळे मिटले. टेबलावर बोटांनी ठोके मोजले.
'तिसरा नोजल. बोललो होतो त्याला, तिसरा नोजल बदल.'
रागावलेच. जणू अजून वेळ होता.

मग उघड्या पाठीचा.
'ह्यो फुटका हाय काय? भायलं सगळं ऐकू येतंय.'
काढायला हात वर गेला
आणि तिथेच राहिला.
मान वळली. खिडकीकडे नाही, तिला गोणपाट लावलेलं;
भिंतीकडे, जिच्यापलीकडे खाडीचं तोंड आहे.
उठले. वायर ताणली.
मागे बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं,
तर त्यालाच हाताने गप्प राहा म्हणाले.
'भरून येतेय,' म्हणाले. 'दबून चाललीय बघ.'

आमच्या धंद्यात ह्याला दोष म्हणतात: आवाज गळतो.
डासाएवढी मरियम
त्यांच्या कानांवरून माझ्यापर्यंत येत होती,
मी हलत नव्हतो.

जाताना केवढ्याला पडला म्हणून विचारलं. सांगितलं.
पायरीवर थांबून हिशेब केला त्यांनी.
'येवढ्यात,' म्हणाले,
'नोजलचा अख्खा सेट आला असता.'